चार प्लग वाढवायचे होते: जुन्या फ्लॅटच्या वायरिंगची हकिकत

घराचं नूतनीकरण काढलं तेव्हा विजेच्या कामाची यादी सगळ्यात छोटी होती. स्वयंपाकघरात इंडक्शन आणि मायक्रोवेव्हसाठी दोन सोळा अँपिअरचे प्लग, मधल्या खोलीत एसी, बाथरूममध्ये गीझर आणि टेबलाजवळ लॅपटॉपसाठी एक बोर्ड. टाइल्सच्या रंगावर घरात महिनाभर खल चालला होता, वायरिंगचं मात्र "ते वायरमन बघेल" एवढ्यावर मिटलं होतं. प्रत्यक्षात फेब्रुवारीत सुरू झालेलं हे प्रकरण जुलैच्या बिलापर्यंत चाललं. आता कागद फायलीला लागलेत आणि डोकंही थंड आहे, म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

एक आधीच सांगते. मी इलेक्ट्रिशियन नाही आणि या सगळ्यात मी एकाही वायरला हात लावलेला नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमांप्रमाणे घरातलं वायरिंग वाढवणं किंवा बदलणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचंच काम आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायची तेवढी मुभा असते. माझ्या वाट्याला आलं ते विचारणं, टिपून ठेवणं, फोटो काढणं आणि कागदांच्या मागे लागणं. पण तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

पहिलं कागदपत्र म्हणजे विजेचं बिल. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' अशी एक ओळ असते, म्हणजे या जोडणीवर एका वेळी किती वीज घ्यायला मंजुरी आहे तो आकडा. इतकी वर्षं बिलावरचा आकडा आणि शेवटची तारीख एवढंच बघत आले होते. आमच्या बिलावर मंजूर भार होता १ किलोवॅट. इमारत चाळीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा घरात दिवे, पंखे, फ्रिज आणि एक इस्त्री, की झालं. आता यादीतली नवी यंत्रं मांडली: गीझर २००० वॅट, इंडक्शन २०००, दीड टनाचा एसी साधारण १८००, मायक्रोवेव्ह १२००. बेरीज ७००० वॅट. २३० व्होल्टने भागलं की ३० अँपिअर, तेही दिवे-पंखे-फ्रिज न धरता. खाली जाऊन मीटर बघितला तर त्याच्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं ५-३० अँपिअर. म्हणजे चारही यंत्रं एकदम लागली तर मीटर त्याच्या टोकाला, आणि मीटरपासून घरात येणारी जुनी ॲल्युमिनियमची वायर तर कधीच टोकाच्या पलीकडे.

तिथून पुढे मी प्रत्येक नव्या पॉइंटचा विचार उलट्या दिशेने करायला लागले. प्लगमागे कुठली वायर, ती कुठल्या एमसीबीवर (जास्त प्रवाह आला की आपोआप 'पडणारा', म्हणजे वीज तोडणारा स्विच), तो कुठल्या मेनवर, मेन कुठल्या मीटरवर आणि मीटर किती मंजूर भाराचा. वायरमनला हाच प्रश्न विचारत राहिले आणि बहुतेक सगळ्या अडचणी या वाटेवरच कुठे ना कुठे सापडल्या.

फेब्रुवारी–मार्च: कागद आणि माणसं

भार वाढवायचा अर्ज भरायला बसले तर वीजजोडणी सासऱ्यांच्या नावावर, आणि ते जाऊन बरीच वर्षं झालेली. भारवाढीआधी नावबदल करून घेणं सोयीचं, कारण पुढची सगळी कागदपत्रं त्याच नावाने लागतात. मृत्यू दाखला, वारसांची संमती, घराच्या मालकीचा पुरावा, ओळखपत्र, शेवटचं भरलेलं बिल. अर्ज ऑनलाइन करता येतो. जुन्या घरात राहत असाल तर आजच बिलावरचं नाव बघा. नूतनीकरण काढायच्या आधी हे काम उरकलं तर पुढे फार सोपं जातं. आमच्याकडे हे सोपस्कार आणि ठेकेदार शोधणं बरोबरच चाललं होतं, त्यामुळे वेळ फुकट गेला नाही.

ठेकेदारांकडे मी दोन गोष्टी मागितल्या: विद्युत ठेकेदाराच्या परवान्याची प्रत आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा तारतंत्री (वायरमनचा) परवाना. परवान्यावर मुदत लिहिलेली असते, ती बघायची. एक जण म्हणाला, "ताई, एवढं कोण विचारतं? सही लागली तर आणून देऊ की कुणाची तरी." त्याला तिथेच नमस्कार केला. काम झाल्यावर चाचणी अहवालावर ठेकेदाराची सही लागते. काम करणारा एक आणि सही दुसऱ्याची, तर मग त्या अहवालाला अर्थ काय?

अंदाजपत्रकं हातात आली तेव्हा दर बघून काहीच कळेना, कारण 'पॉइंट' कशाला म्हणायचं हे प्रत्येकाचं वेगळं होतं. एकाच्या दरात भिंतीत झिरी (वायरच्या पाइपासाठी खाच) मारणं, पाइप टाकणं आणि झिरी सिमेंटने बुजवणं सगळं धरलेलं. दुसऱ्याच्या दरात फक्त वायर ओढून जोडणं. दोन ठिकाणांहून चालणारा जिन्याचा दिवा एक पॉइंट की दोन, सोळा अँपिअरच्या प्लगचा दर वेगळा का, डीबी (सगळे एमसीबी जिथे बसतात ती पेटी) बसवायची मजुरी कशात, हे सगळं लेखी घेतलं. सामान आम्ही आणायचं की त्यांनी, हेही. आम्ही वायर, एमसीबी आणि स्विच स्वतः घेतले, पाइप-बॉक्स त्यांच्यावर सोडले. एकूण खर्चात वायर आणि मजुरी यांनीच सगळ्यात मोठा वाटा खाल्ला. दोन आरसीसीबींची (वीज गळाली की ती तोडणाऱ्या स्विचांची) किंमत त्यापुढे किरकोळ, आणि गंमत म्हणजे अंदाजपत्रक कमी करायला सांगितलं की सगळ्यात आधी काट बसते ती त्यांच्यावरच.

सोसायटीचं पत्रही याच काळात घेतलं. मीटर तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मीटरपासून घरापर्यंतची मेन वायर जिन्याच्या भिंतीवरून सगळ्यांच्या जागेतून येते, म्हणून ना-हरकत लागली. पत्रात कॉलम-बीमना हात लावणार नाही असंही लिहून दिलं. ते नुसतं लिहिण्यापुरतं नाही. झिरी मारताना कटर कॉलममधल्या सळईपर्यंत गेला तर नुकसान आपल्या एकट्या घराचं नसतं.

एप्रिल: जुना बोर्ड उघडला

तोडफोड सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वायरमनदादांनी मेन बंद करून स्वयंपाकघरातला जुना बोर्ड खोलला. आत काय असेल याची मला कल्पनाच नव्हती. ॲल्युमिनियमच्या जुन्या तारेला पुढे तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली, वर काळी चिकटपट्टी, आणि ती पट्टी वितळून तपकिरी झालेली. दादांनी वायर जरा वाकवली तर इन्सुलेशनचा टवका निघून हातात आला. ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज नीट वाहू देत नाही. त्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि दमट हवा असली की जोड आणखी खराब होतो. जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो. आमचा मिक्सर त्या जोडावर कित्येक वर्षं चालत होता.

दुसरी गोष्ट टेस्टरने दिसली. दिव्याचा स्विच बंद होता, तरी होल्डरमध्ये टेस्टर पेटत होता. कारण स्विच फेजवर (वीज आणणाऱ्या वायरवर) नाही, न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) बसवलेला. अशा ठिकाणी स्विच बंद करून बल्ब बदलणारा माणूस आपण सुरक्षित आहोत असं समजतो आणि होल्डरमध्ये मात्र पूर्ण २३० व्होल्ट असतात.

इथे दादांची एक सवय सांगते. वायर मेलेली, म्हणजे तिच्यात वीज नाही ना, हे बघताना ते आधी चालू असलेल्या प्लगवर टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला तपासणीचा दिवा) लावत, मग त्या वायरवर, मग पुन्हा चालू प्लगवर. मधल्या वेळेत लॅम्पच गेला असेल तर? म्हणून तिसरी तपासणी. निऑनच्या पेन-टेस्टरवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि मल्टिमीटरवरही एका मर्यादेपर्यंतच: शेजारून दुसरी चालू वायर जात असेल तर सुट्या, कुठेच न जोडलेल्या वायरवरही तो काही व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प लावला की ते खोटे व्होल्ट गळून पडतात.

आणि अर्थिंग, म्हणजे यंत्राच्या पत्र्यावर आलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी. याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण हे नूतनीकरणात हटकून निसटतं. आमच्या जुन्या तीन पिनांच्या प्लगला अर्थची वायर होती. ती शोधत शोधत दादा मोरीपर्यंत गेले आणि तिथे ती पाण्याच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली निघाली. पूर्वी बऱ्याच ठिकाणी असं केलेलं असतं. पाण्याचा पाइप हे अर्थिंग नव्हेच. पण निदान तो लोखंडी होता, जमिनीत जात होता. आता त्याच आठवड्यात प्लंबर ते सगळे पाइप काढून प्लास्टिकचे टाकणार होते! म्हणजे नवीन गीझर बसला असता, तीन पिनांचा प्लगही दिसला असता, आणि अर्थची वायर जाऊन चिकटली असती एका प्लास्टिकच्या नळीला. प्लंबर आणि वायरमन एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायला लावायचं काम घरच्या माणसाचं.

मग इमारतीचा अर्थ-पिट (अर्थची वायर जिथे जमिनीत जाते तो खड्डा) शोधला. झाकण मातीखाली गेलेलं, आतली माती खडखडीत कोरडी. सोसायटीला कळवून तो दुरुस्त करून घेतला, खर्च सगळ्यांत वाटला गेला. अर्थ टेस्टरवर नंतर रोध साधारण ३ ओम आला; तो जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. माझ्या दिराने तोवर शंभर वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून "लख्ख पेटतोय, अर्थिंग उत्तम" असा निर्वाळा दिला होता. पण शंभर वॅटच्या बल्बचा स्वतःचाच रोध पाचशे ओमच्या वर असतो. अर्थचे तीन असोत नाहीतर तीस, बल्बच्या उजेडात तो फरक डोळ्यांना दिसणारच नाही.

३ ओम चांगलेच आहेत, पण हिशेब करून बघा. फेज गीझरच्या पत्र्याला टेकला तर २३० भागिले ३ म्हणजे ७७ अँपिअर अर्थमधून वाहतील. 'सी कर्व्ह' या प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे एमसीबी पडेल, पण काही सेकंद घेईल, आणि तेवढा वेळ गीझरच्या पत्र्यात वीज. म्हणूनच ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. तो फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह जुळतो का एवढंच बघतो आणि फरक दिसला की ठरलेल्या ३०० मिलिसेकंदांच्या आत तोडतो. अर्थिंग आणि आरसीसीबी ही दोन्ही लागतात, एक घेऊन दुसरं सोडता येत नाही.

आखणी

स्वयंपाकघर, मधली खोली आणि बाथरूम यांचं वायरिंग पूर्ण नवीन. झोपायची खोली आणि पॅसेज मागे एकदा तांब्याच्या वायरने झालं होतं, ते ठेवायचं ठरलं. पैसे वाचवायचे असतील तर इथेच वाचतात. पण जुनं आणि नवं जिथे भेटतं तिथेच पुढे त्रासही होतो, तो पुढे येईल.

कागदावर प्रत्येक सर्किट लिहून घेतलं. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, साध्या प्लगना २.५, आणि एसी, गीझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह यांना प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची लाइन थेट डीबीपर्यंत. एका दिव्याच्या सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नाहीत. एमसीबी यंत्र बघून निवडायचा असतो असं मला वाटायचं. दादांनी सांगितलं की एमसीबी भिंतीतली वायर वाचवायला असतो, म्हणून तो वायरच्या जाडीवर ठरतो. यंत्र लावल्यावर एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवला तर वायरला वाचवणारं कुणी उरत नाही. मीटरपासूनची मेन वायर १० चौरस मिलिमीटर तांब्याची घेतली.

आरसीसीबी एकाऐवजी दोन घेतले: एकावर स्वयंपाकघर, गीझर आणि मधली खोली, दुसऱ्यावर जुन्या खोल्या, दिवे आणि फ्रिज. एका ठिकाणी गळती झाली तर अख्खं घर अंधारात जाऊ नये म्हणून. त्याची एक अट आहे: दोन आरसीसीबींच्या पुढे न्यूट्रलच्या पट्ट्याही दोन, आणि त्या कुठेही एकमेकींत मिसळता कामा नयेत. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनच्या न्यूट्रलचाही असाच वेगळा विचार लागतो.

थ्री फेज (एकाऐवजी तीन फेजची, जास्त भाराची जोडणी) घ्यावं का, यावर बोलणं झालं. यादी बघता सिंगल फेजवर ६ किलोवॅट पुरेसे होते, कारण गीझर आणि इंडक्शन एकाच वेळी लावायची आम्हाला गरज पडत नाही. थ्री फेजचा स्थिर आकारही जास्त असतो. ज्यांच्याकडे दोन-तीन एसी आहेत त्यांचं गणित वेगळं येईल.

एप्रिल–मे: भिंती

झिरी मारायचं काम धुळीचं आणि आवाजाचं. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. झिऱ्या उभ्या, सरळ, बोर्डाच्या बरोबर वर किंवा खाली. तिरकी झिरी वायर वाचवते, पण पुढे कुणी खिळा ठोकला की पाइप नेमका तिथेच सापडतो. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारायला दादांनी नकारच दिला.

वायर आणताना आयएसआय चिन्ह, त्याखालचा परवाना क्रमांक आणि आयएस ६९४ हे बघितलं. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. लाल फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थला. हिरव्या वायरचं बंडल जरा जास्तीच घ्या. शेवटच्या दिवशी हिरवी संपली की उरलेली काळी अर्थला लावायचा मोह होतो, आणि दहा वर्षांनी ती उघडणारा माणूस तिला न्यूट्रल समजतो.

बंडल ९० मीटरचं येतं आणि शेवटी तुकडे उरतात. एका दुपारी मदतनीस एसीच्या लाइनमध्ये दोन तुकडे जोडून पाइपात सरकवत होता. जोड व्यवस्थित पिळलेला, वर टेप. दादांनी ती पूर्ण वायर परत ओढून काढायला लावली. पाइपाच्या आत जोड नाही, जोड फक्त उघडता येईल अशा बॉक्समध्ये आणि तोही कनेक्टर लावून. ते तुकडे मग दिव्यांच्या छोट्या अंतरांना वापरले गेले. पाइपही वायरींनी ठासून भरायचा नाही. आतली साठ टक्के जागा मोकळी राहायला हवी, नाहीतर वायरी तापतात आणि पुढे एखादी बदलायची तर ओढताच येत नाही.

गिलावा व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, कोपऱ्यापासून टेप धरून. हे फोटो नंतर पडद्याची पट्टी बसवताना लगेच उपयोगी पडले.

मे: चाचण्या

गिलाव्याआधीच मेगर लावायचा आग्रह मी धरला होता, कारण दोष सापडलाच तर भिंत पुन्हा फोडावी लागू नये. मेगर ५०० व्होल्ट डीसी सोडून इन्सुलेशनचा रोध मोजतो. त्याआधी सगळी यंत्रं, एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सोडवून ठेवले, नाहीतर तेच जळायचे. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं प्रत्येक सर्किट मोजलं. नवीन लाइन्सवर शेकड्यांत मेगओम आले. किमान १ मेगओम तरी हवा. जुन्या खोलीतून बाल्कनीत जाणाऱ्या लाइनवर अर्धासुद्धा येईना. पावसाचं पाणी तिच्या पाइपात वर्षानुवर्षं उतरत असणार. ती लाइन डीबीपासूनच सोडवून टाकली, दोन्ही टोकं झाकली. बाल्कनीचा प्लग सध्या नाही.

मग वीज सुरू केली आणि खरी परीक्षा सुरू झाली. एमसीबी सगळे वर, आरसीसीबी वर, सगळं ठीक. संध्याकाळी पॅसेजचा दिवा लावला आणि आरसीसीबी पडला. पुन्हा चढवला, पुन्हा दिवा, पुन्हा पडला. दिवा बदलून पाहिला, तेच. एवढासा नऊ वॅटचा दिवा! मदतनिसाचं म्हणणं, आरसीसीबीच खराब आहे, काढून टाकू. हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल. ऐकू नका.

दुसऱ्या दिवशी दादा आले आणि त्यांनी आधी पॅसेजच्या दिव्याचा न्यूट्रल शोधायला घेतला. पॅसेजच्या दिव्याला फेज येत होता झोपायच्या खोलीच्या सर्किटमधून, पण न्यूट्रल कधीकाळी कुणीतरी जवळचा म्हणून मधल्या खोलीच्या बॉक्समधून उचललेला. जुन्या फ्यूजवर हे वर्षानुवर्षं खपून गेलं, कारण फ्यूजला न्यूट्रल कुठून येतो याच्याशी काही देणंघेणं नसतं. आता मात्र प्रवाह एका आरसीसीबीतून जात होता आणि दुसऱ्यातून परत येत होता. दोघांच्याही हिशेबात तूट. नऊ भागिले २३० म्हणजे जवळपास ४० मिलीअँपिअर, आणि मर्यादा ३०ची. दिवा लहान असला तरी आरसीसीबी पाडायला तेवढं पुरतं. न्यूट्रल आपल्या सर्किटचा आपल्याला जोडला आणि आरसीसीबी शांत झाला. उसना न्यूट्रल नुसता आरसीसीबी पाडतो असंही नाही. त्या खोलीचा एमसीबी बंद करून काम करणाऱ्याला वाटतं वीज गेली, आणि न्यूट्रलच्या वायरमधून दुसऱ्या सर्किटचा प्रवाह त्याच्या हाताशी वाहत असतो.

जुन्या घरात अर्धंच वायरिंग बदलणार असाल तर ठेकेदाराला आधीच सांगा की ठेवलेल्या खोल्यांचे न्यूट्रल वेगळे करून तपासायचे आहेत, आणि त्याची मजुरी अंदाजपत्रकात धरा. आमच्याकडे ती नंतर वाढली आणि त्यावर थोडी घासाघीस झाली.

जून–जुलै: भारवाढ आणि मीटर

ठेकेदाराचा चाचणी अहवाल हातात आल्यावर महावितरणच्या पोर्टलवर भारवाढीचा अर्ज केला: १ वरून ६ किलोवॅट. नावबदल एव्हाना झालेला होता, त्यामुळे कागदपत्रांत फार अडलं नाही. अहवालावर जोडलेला भार, इन्सुलेशनचे आकडे, अर्थचा रोध, ठेकेदाराचा परवाना क्रमांक आणि सही-शिक्का हे सगळं आहे ना, ते अपलोड करण्याआधी नीट बघा. सही पुसट स्कॅन झाली म्हणून मी तो पुन्हा स्कॅन करून घेतला.

केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत, २०२४च्या दुरुस्तीनंतर, जोडणी देणं किंवा असलेली बदलणं यासाठी महानगरांत ३ दिवस, नगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मुदत आहे. ती अर्ज सगळ्या बाजूंनी पूर्ण असेल तेव्हापासून मोजतात, म्हणून एकेका कागदाची किंमत. अर्जाचा क्रमांक टिपून ठेवा. पाहणीला माणूस आला, मीटरची जागा आणि नवीन मेन वायर बघून गेला. रकमेचा मेसेज आला, ती ऑनलाइन भरली.

तोपर्यंत काय करायचं हा खरा प्रश्न असतो. यंत्रं येऊन पडलेली, उकाडा मी म्हणतोय, आणि मंजूर भार अजून १ किलोवॅट. आम्ही एसी बसवून घेतला, पण मीटर बदलेपर्यंत त्याचा एमसीबी खालीच ठेवला. घरात यावरून थोडी कुरकुर झाली, विशेषतः दुपारी.

मीटर बदलायला आले तेव्हा जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा आणि नव्या मीटरच्या पहिल्या रीडिंगचा फोटो घेतला, मीटर बदलल्याच्या अहवालाची प्रत मागून घेतली. नवीन मीटर १०-६० अँपिअरचा आहे. सील त्यांनीच लावलं. मीटरच्या आधीचं काहीही आपल्या वायरमनने उघडायचं नसतं, हे दादांनी स्वतःहून मदतनिसाला बजावलं.

त्या आठवड्यात एक दिवस दादा फक्त स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. डीबीतल्या सगळ्या टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळले, कारण नवीन तांबं काही दिवस भार घेतल्यावर किंचित बसतं. दोन-तीन स्क्रू खरंच थोडे फिरले. मग डीबीच्या दाराच्या आतून कोणता एमसीबी कशाचा, वायर किती जाडीची आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, असा कागद चिकटवला. बटण दाबायच्या आधी कंप्युटर बंद करायला हवा, हे त्यात सासूबाईंनी पेनने लिहून टाकलंय.

जुलैच्या बिलावर जुन्या मीटरची आणि नव्या मीटरची युनिट्स वेगवेगळी दाखवली होती. माझ्या फोटोतल्या आकड्यांशी ती जुळवून पाहिली, जुळली. मंजूर भार ६ किलोवॅट झालाय. बाल्कनीची लाइन दिवाळीनंतर, भिंत पूर्ण सुकल्यावर.